एखादं गाणं डोक्यात जातं तेव्हा नेमकं काय जातं, ते कसं शोधायचं

मी बारा वर्षं स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा केला. बेळगाव, खाली खानापूर, वर हुक्केरी-चिकोडीपर्यंत. लग्न, वास्तुशांत, बारसं, गणपती, जत्रा, सगळं. या धंद्यात रोज कोणीतरी येऊन म्हणतंच की हे बंद कर, आणि पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं ह्यांना गाणं आवडलं नाही, मग मी गाणं बदलायचो. वडगावात एका वास्तुशांतीला शेजारची आजी आली, म्हणाली, "बाळा, थांबव की रे ते, डोसक्यात घण मारूलेत बघ." सिनेमाचं गाणं चालू होतं, मी अभंग लावला. दहा मिनिटांत आजी परत दारात. मग माझ्याबरोबरच्या जुन्या ऑपरेटरनं शिडी लावली आणि कर्णा तिच्या खिडकीकडनं फिरवून रस्त्याकडं केला, एवढंच केलं. नंतर तेच सिनेमाचं गाणं लागलं तर आजी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत ऐकत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की "हे म्युझिक सहन होत नाही" या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. उपाय चुकला की घरात, गल्लीत, मंडळात भांडणं होतात, आणि भांडण होतंय ते भलत्याच गोष्टीवरनं. म्हणून मी जे शिकलो ते लिहून ठेवतोय, गाणं ऐकवणाऱ्यासाठी पण आणि ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी पण.

सुरुवात आवाजापासनं करा, गाण्यापासनं नको. जे गाणं डोक्यात जातंय तेच गाणं रात्री घरात, एकटं बसून, मोबाइलवर बारीक आवाजात एकदा पूर्ण ऐका. काही वाटलं नाही ना? मग गाण्याशी तुमचं काही वाकडं नाही, वाकडं आहे ते आवाजाशी, आणि आवाजाचं पण तीन तऱ्हेचं असतं. कर्ण्याचा आवाज टोचतो, कारण माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो आणि पत्र्याचा कर्णा नेमका त्याच पट्ट्याच्या आसपास जोर लावतो. लांबवर बोलणं पोचावं म्हणूनच तो बनवलेला असतो, गाण्यासाठी नाहीच. दुसरं म्हणजे आवाज फाटणं. अॅम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर व्हॉल्यूम नेला की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, मग मूळ गाण्यात नसलेले खरखरीत सूर त्यात घुसतात, आणि आपण म्हणतो बाई किंचाळतेय, पण बाई बिचारी गोड गात असते, किंचाळतोय तो अॅम्प. आणि तिसरं, बेस. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, ती आमच्या शहापूर-अनगोळातल्या भिंतींना काय ऐकणार. खिडक्या लावल्या की वरचे सूर, शब्द, चाल सगळं बाहेर राहतं आणि आत फक्त धुम धुम येतं, म्हणजे गाण्यातलं चांगलं होतं तेवढं गाळून घेतलं आणि उरलेलं तुमच्या छातीवर. लोक म्हणतात डॉल्बीवर गाणी घाणेरडी लावतात. गाणी कुठली ऐकू येतायत तुम्हाला, धुमधुमच येतंय.

मग करायचं काय, तर "बंद कर" असं म्हणत जाऊ नका. बंद कर म्हटलं की समोरचा माणूस आपल्या सणावर, आपल्या देवावर कोणीतरी आलं असं समजतो. सरळ ऑपरेटरकडं जा, अध्यक्षाकडं नको, अध्यक्षाला चार लोकांपुढं मान राखायचा असतो. आणि त्याला नेमकं सांगा, "दादा, बेस जरा काढ," "कर्णा थोडा फिरव," "आवाज फाटूलाय बघ, एक पॉइंट खाली घे." आवाज फाटतोय म्हटलेलं कुठल्याही ऑपरेटरला लागतं, कारण ती त्याच्या कामाची गोष्ट आहे, मी स्वतः असं कोणी म्हटलं की लगेच हात मिक्सरवर न्यायचो. कानडी मंडळ असेल तर "अण्णा, स्वल्प सौंड कम्मी माड्री" एवढं हसत म्हणा, आपल्याकडनं ते शब्द आले की निम्मं काम होतं.

मंडळवाल्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. अॅम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट. म्हणजे शेजारच्या मंडळापेक्षा दुप्पट बॉक्स आणले म्हणून भाडं दुप्पट गेलं, लोकांना फरक मात्र चिमूटभर. आणि कानाचं नुकसान वेगळंच, ८५ डेसिबलला आठ तास हे कामगारांसाठी धरलेलं माप आहे, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला पंधरा मिनिटं. भिंतीएवढ्या बॉक्ससमोर नाचणारी पोरं १०० च्या वर सहज असतात आणि तीन-तीन तास असतात. माझ्या डाव्या कानात आता कायम शिट्टी वाजते, रात्री उशीला कान लावला की जास्त. म्हणून हे जीव तोडून सांगतोय.

कायदा पण माहीत असू द्या. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, देशभर लागू, म्हणजे बेळगावलाही तेच आणि पलीकडं चंदगडलाही तेच. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे किमान १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. सणासुदीला राज्य सरकार वर्षातनं जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढं नाही. अगदीच कोणी ऐकत नसेल तर ११२ ला फोन करा, पण आधी एकदा स्वतः चालत जाऊन बोला. पोलिसांची गाडी आल्यावर आवाज कमी होतो खरा, पण त्या घराशी तुमचं वर्षभर बोलणं बंद होतं.

आता दुसरा प्रश्न, तुम्हाला तो आवाज थांबवता येतो का? हा प्रश्न लई मोठा आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेत ग्लास आणि सिंगर नावाच्या दोघांनी प्रयोग केला होता, लोकांना गोंगाटात बसवून काम दिलं, निम्म्या लोकांजवळ एक बटण ठेवलं की असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी बटण दाबलंच नाही, पण बटण आहे एवढ्यानं त्यांचं नंतरचं काम चांगलं झालं. आणि आवाज कधी येणार हे आधी माहीत असलेल्यांचंही बरं चाललं. खानापूर बसमध्ये शेजारचा माणूस फोनच्या स्पीकरवर रील्स लावतो तेव्हा जो संताप येतो तो यातनंच येतो. आवाज काही डॉल्बीएवढा नसतो, पण आपल्या हातात काही नसतं, आणि दर पंधरा सेकंदाला गाणं अर्धं तोडून दुसरं. बसमध्ये मी आता थेट माणसाला न बोलता कंडक्टरला सांगतो. २०२१ च्या नोव्हेंबरात केएसआरटीसीनं, म्हणजे कर्नाटकच्या एसटी महामंडळानं, बसमध्ये मोबाइलवर मोठ्यानं गाणी वाजवायला बंदी घातली, त्यामुळं सांगायला तोंड आहे.

उसाच्या हंगामात निपाणी, अथणी, रायबाग भागात रात्री जे ट्रॅक्टर जातात डबल ट्रॉली घेऊन, वर मोठमोठे स्पीकर, त्यावर जानपद गाणी, म्हणजे कानडी लोकगीतं, त्याचा राग पण असाच. मी एकदा चिकोडी रोडला धाब्यावर अशा एका ड्रायव्हरला विचारलं, एवढं मोठ्यानं कशाला लावता. तो म्हणाला झोप येते, आणि इंजिनाच्या आवाजावर दुसरं काही ऐकूच येत नाही. हे ऐकल्यावर माझा राग गेला असं नाही, पण तो गाण्यावरनं उतरला. म्हणून उपाय असा की जिथं थांबवणं हातात नाही तिथं निदान वेळ विचारून घ्या. "किती वाजेपर्यंत आहे?", "इन्ना एष्ट होत्तु अण्णा?" साडेनऊला संपणार हे कळलं की तेच गाणं सोसतं. आणि कार्य तुमच्या घरी असेल तर आदल्या दिवशी चार घरं फिरून वेळ सांगून या, पानसुपारीचं आमंत्रण देतोच की आपण, त्यातच हे. माझ्या बारा वर्षांत जिथं आधी सांगितलं होतं तिथं तक्रार क्वचितच आली.

तिसरं, तेच तेच. आवडणं हे साधारण उलट्या यू सारखं चालतं, डॅनियल बर्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हे मांडलं. पहिल्यांदा गाणं परकं वाटतं, ऐकत गेलं की आवडतं, आणि एका टोकाच्या पुढं गेलं की नकोसं होतं. वरातीत एकच गाणं सात वेळा लावायला लावतात, नवऱ्याच्या मित्रांना नाचायला तेच पाहिजे असतं, त्यांना ते वर चढतंय आणि बघायला उभ्या असलेल्या बायकांना खाली उतरतंय, एकाच वेळी. सगळ्यात हाल दुकानातल्या पोरींचे. दिवाळीत कापड दुकानात तीच बारा गाणी सकाळी दहा ते रात्री नऊ. गिऱ्हाईक वीस मिनिटांत जातं, त्या तिथंच. मालकानं ऐकावं ते गिऱ्हाइकाच्या कानानं नाही, कामाला असलेल्यांच्या कानानं. मंडळांनी पण गणपतीच्या दहा-अकरा दिवसांसाठी निदान चार-पाच तास परत न येणारी लिस्ट करावी, पेन ड्राइव्हला जागा काही कमी नसते. आणि एखादी ओळ डोक्यात अडकून बसली असेल तर ते गाणं पहिल्यापासनं शेवटपर्यंत एकदा ऐकून टाका, अर्धवट तुकडाच जास्त फिरतो. च्युइंगम चघळल्यानं पण कमी होतं म्हणतात, इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये तसा प्रयोग झालाय, मनातल्या मनात गुणगुणायला जबडा-जीभ लागते आणि ती गुंतलेली राहते.

चौथं दुखणं म्हणजे गाणं कळतच नाही. "काय ते तासभर आऽ आऽ करतंय" हे मी टिळकवाडीतल्या चांगल्या चांगल्या घरात ऐकलंय आणि "काय ते भुंकल्यासारखं" हे मेटल, म्हणजे गिटार-ड्रमचं दणदणीत इंग्रजी रॉक, ऐकणाऱ्या माझ्या पुतण्याबद्दल रोज ऐकतो. दोन्हीचं कारण एकच. मेंदू गाणं ऐकताना पुढं काय येणार याचा अंदाज बांधत असतो, अंदाज बरोबर आला की गोड, थोडा चुकला की मजा, आणि अंदाज बांधताच आला नाही की नुसता आवाज. सूर बरे-वाईट लागणं पण बरंचसं सवयीचंच आहे. बोलिव्हियात त्सिमाने नावाचे लोक आहेत, त्यांच्यावर २०१६ साली अभ्यास आला, आपण ज्याला बेसूर म्हणू ते आणि सुरेल म्हणू ते दोन्ही त्यांना सारखंच बरं वाटत होतं.

ख्याल, म्हणजे ते आऽ आऽ वालं शास्त्रीय गाणं, ऐकायला शिकायचं असेल तर विलंबितापासनं, संथ लयीपासनं, सुरू करूच नका. एक छोटी द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश घ्या, पाच-सात मिनिटांची, आणि फक्त एक गोष्ट शोधा, सम. गाणारा फिरून फिरून कुठल्या शब्दावर येऊन तबल्याबरोबर पाय टेकतो, ते. तीनदा ऐकलं की हात आपोआप मांडीवर पडतो. तो हात पडला की तुम्ही आत आलात. मेटलला पण हेच करा, गळा सोडा, आधी फक्त ड्रमच्या मागं जा. पुतण्यानं मला असंच शिकवलं, आणि दोन पायांनी चाललेला तो डबल बेस ड्रम मला झांज पथकातल्या ढोलाच्या दुगुणीसारखा वाटायला लागला. गळा अजून नाही झेपत, पण घराबाहेर जा असं म्हणत नाही मी आता.

आपल्या भागात तर हे समजायला लांब जायला नको. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, १९२४ साली. क्षयानं काही वर्षं गाणं बंद पडलं, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, आणि परत गायला लागले तेव्हा छोट्या छोट्या ताना, मधे थांबणं, लोकगीताचा वास असलेले राग. जुन्या जाणत्यांना ते सहन झालं नाही, हे ख्यालच नव्हे म्हणाले. आणि पेटी! आज काकतीपासनं कारवारपर्यंत एक भजनी मंडळ दाखवा पेटीशिवाय. त्याच पेटीला आकाशवाणीवर १९४० पासनं १९७१ पर्यंत बंदी होती. ठरलेल्या पट्ट्या असल्यानं मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यात येत नाही म्हणून. तक्रार खोटी नव्हती, मींड खरंच येत नाही. पण भजनाला ती पुरली, लोकांनी सोडली नाही.

पाचवं दुखणं मला सगळ्यात जवळचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. गाणं नको असतं कारण ते वाजवणारी माणसं नको असतात. १९९६ साली अमेरिकेत बेथनी ब्रायसन या समाजशास्त्र शिकलेल्या बाईंनी पाहणीतनं दाखवलं की जास्त शिकलेल्या लोकांना एकूण कमी प्रकारची गाणी नकोशी असतात, पण जी नको असतात ती नेमकी कमी शिकलेल्यांच्या आवडीची, हेवी मेटल, रॅप, कंट्री, गॉस्पेल अशी. आपल्याकडं हलगी, जानपद, ट्रॅक्टरची गाणी यांना "थर्ड क्लास" म्हणणारा माणूस चाल ऐकून म्हणतोय की ट्रॅक्टरवाल्याकडं बघून म्हणतोय, हे त्यानं स्वतःला विचारावं. तपासायची पद्धत सोपी, तेच गाणं कोण वाजवतंय ते न सांगता ऐकवा.

आणि आमच्या सीमेवर यात भाषा येते. १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव, आपल्या मराठी लोकांचा त्या दिवशी काळा दिवस, आणि बेळगावात चन्नम्मा सर्कलला डीजेवर कानडी गाणी. त्या दिवशी ती गाणी माझ्या पोटात गोळा आणायची, गाण्यात काय आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं. वर्षभर कुठंही तीच चाल कानावर आली की तोच गोळा. आमच्या शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत रात्रभर वाजतं तेव्हा कानडी शेजाऱ्याच्या पोटात काय होत असेल, हा विचार मला फार उशिरा आला. मग एकदा पौर्णिमेला सौंदत्तीला काम होतं. डोंगरावर चौडकं वाजवत जोगत्या गात होत्या, यल्लम्माचं पद, कानडीत. थोड्या वेळानं कोल्हापूरकडच्या बायका आल्या आणि त्याच चौडक्यावर मराठीत रेणुकेचं सुरू झालं, ताल तोच, तुण तुण तोच. मी केबल गुंडाळत होतो, हात थांबला. आपलं संगीत नाटक तरी काय, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८० ला शाकुंतल आणलं, आणि त्यांच्या पदांच्या काही चाली कानडीतनं आल्यात. माझी भाषेची, शाळेची, पाट्यांची मागणी आहे तिथंच आहे, त्यात मी एक पाऊल मागं येत नाही. पण गाणं मी त्या दिवसापासनं सोडवून घेतलं. कसं, तर साध्या दिवशी, साध्या आवाजात ऐकलं, आणि समोरच्या कानडी किराणावाल्या मामांना एकेका ओळीचा अर्थ विचारला. एक गाणं निघालं पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचं. तीन वर्षं मी त्या गाण्याला शत्रू समजत होतो.

आठवणीचं मात्र वेगळं. ज्या गाण्यावर घरातलं माणूस गेल्याचा फोन आला, ते गाणं ज्याला नको त्याला नको. तिथं सवय करून घे वगैरे सांगू नये, गपचूप बदलावं.

काही लोकांना कुठलंच गाणं लागत नाही, हे पण खरं आहे. बार्सिलोनात २०१४ च्या सुमारास यावर काम झालं, अशा माणसांना पैसे जिंकल्यावर आनंद होतो, कान पण धड असतात, फक्त संगीतातनं काही मिळत नाही. शंभरात तीन ते पाच असावेत असा अंदाज आहे. अशा माणसाला अरसिक म्हणून चिडवू नका, आमच्या एका जावईबापूंना आम्ही फार छळलं आणि आता वाईट वाटतं. आणि लहान पोर मिरवणुकीत कानावर हात ठेवून रडत असेल तर सवय होईल म्हणून पुढं ढकलू नका, उचला आणि मागं जा, काही पोरांना आवाज खरंच दुखतो. साधे आवाज सुद्धा दुखायला लागले किंवा शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरकडं, लगेच.

घरात ठरवायचं असेल तर आम्ही असं केलं की सकाळी सातपर्यंत आईचं, अभंग आणि नाट्यगीतं, स्वयंपाक करणाऱ्याचं स्वयंपाक होईपर्यंत, पुतण्याचं हेडफोनवर आणि रविवारी एक तास मोठ्यानं. आणि "हे काय लावलंस" असं कोणी म्हणायचं नाही, "आवाज कमी कर" म्हणायचं, "बदल" म्हणायचं, चालतं, पण गाण्याला नावं ठेवायची नाहीत. कारण सतरा वर्षांच्या पोराच्या गाण्याला नाव ठेवलं की ते त्यालाच लागतं.

आणि तुम्ही वाजवणारे असाल तर माझ्या उस्तादानं मला लावलेली सवय लावून घ्या. स्पीकर चालू केल्यावर मिक्सरजवळ बसून राहू नका, तिथं सगळं छानच ऐकू येतं. माइकवरचा इको निम्म्यावर आणा, भजनातले शब्द त्यातच बुडतात. मग चपला घाला, गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जा, त्या घराच्या पायरीवर उभं राहून आतल्या माणसाला साध्या आवाजात विचारा, पाणी मिळेल का. त्याला दुसऱ्यांदा विचारायला लागलं, तर परत या आणि आवाज खाली घ्या.